सत्यदीप आणि भरताचं वांगं

मारुतीच्या पारावर मुंगी शिरायला जागा नव्हती. पिंपळाच्या दाट सावलीत ज्योतिगिरी बाबा बसले होते आणि त्यांच्या हातात वीतभर उंचीचा पितळी कंदील होता. तेल नाही, वात नाही, तार नाही. बाबा समोरच्याच्या तळहातावर तीर्थ घालत, त्यावर कंदील ठेवत आणि घोगऱ्या आवाजात म्हणत, "चोरी केली नसेल, तर सत्यदीप बोलेल." कंदील भपकन पेटायचा. उचलला की विझायचा. बायका हात जोडत होत्या, आणि चांगले शिकलेले बाप्येही मोबाइलवर व्हिडिओ काढता काढता नमस्कार करत होते.

मी मुख्तार. शिरपुरात माझं मोटार वायंडिंगचं दुकान आहे. पंपाची मोटार जळली की 'नजर लागली' म्हणणारी गिऱ्हाइकं मी तीस वर्षं सोसतोय, त्यामुळे चमत्कार दिसला की माझं डोकंच फिरतं. माझ्याबरोबर पुनम होती. डिप्लोमा करून ती माझ्या दुकानातल्या एका टेबलावर चार्जिंगचा छोटा कंदील बनवत होती. घरात वीज गेली की आपोआप लागावा आणि सातपुड्यात तंबू ठोकणाऱ्याला खिशात घालून नेता यावा, असा. त्याचा एक नमुना माझे जुने गिऱ्हाईक प्रेमराजभाऊ यांना शेतावर वापरून बघायला द्यायचा, म्हणून आम्ही या गावात आलो होतो. गावाचं नाव सांगत नाही, त्याची शोभा आधीच पुरेशी झालीय.

प्रेमराजभाऊंच्या घरची सोन्याची पोत हरवली होती. संशय यशोदाबाईंवर. त्या भाऊंच्याच शेतात कापूस वेचायच्या. पोत गेली त्या दिवशी त्या घरात पाणी प्यायला आल्या होत्या, एवढाच काय तो त्यांचा गुन्हा. कंदील पेटला नाही, तर त्यांना पुन्हा कुणी वेचणीला बोलावणार नव्हतं, आणि जन्मभर गाव त्यांना चोर म्हणणार होतं.

त्यांची पाळी आली. बाबांनी डोळे मिटले. "हिच्यासाठी देवी अंगारा मागतेय," म्हणाले आणि त्यांच्या तळहातांवर मूठभर राख चोळली. कंदील ठेवला. पेटला नाही. दुसऱ्या हातावर ठेवला. तरी नाही.

"सत्यदीप रुसला," बाबांनी निकाल दिला.

"बाबा, मी काही लिधं नही," यशोदाबाई म्हणाल्या. "मना पोऱ्यानी आन शे."

पोराची शपथ घेतली तरी कुणी ऐकेना. मी उठणार, तेवढ्यात पुनमने माझी बाही ओढली. "मुख्तारचाचा, सगळ्यांना तीर्थ दिलं. यांनाच राख का? याच भानगडीनं माझे दोन महिने खाल्लेत."

मला आठवलं. तिचा पहिला कंदील ओल्या गवतावर ठेवला, की बंद असला तरी आपोआप लागायचा आणि सकाळपर्यंत बॅटरी रिकामी व्हायची.

पाराच्या मागे भंडाऱ्याच्या भरताची तयारी चालली होती. तिथून पुनमने एक मोठं वांगं आणलं, मधोमध कापलं आणि कापलेली बाजू वर करून बाबांसमोर ठेवलं. "बाबा, माझा या वांग्यावर संशय आहे. त्यालाही विचारू या."

"मुली, हा देवाचा अपमान आहे," बाबा कडाडले.

"व्हवू द्या ना बाबा," म्हातारे निंबाआबा म्हणाले. "वांगं काय खोटं बोलनार शे?" आणि त्यांनीच कंदील उचलून वांग्यावर ठेवला.

कंदील लख्ख पेटला.

"वांगं साव निघालं," मी म्हणालो. लोक हसले. पण बाबा नाही हसले.

"आता तुमचा हात," पुनम म्हणाली. "कोरडा पुसून, वर राख चोळून."

"माझ्या हाताला परीक्षा लागत नाही," म्हणत बाबांनी हात कफनीत दडवले. तोवर पुनमने यशोदाबाईंचे हात तांब्यातल्या पाण्याने धुतले आणि ओल्या तळहातावर कंदील ठेवला. पेटला. मग तिनं तो उलटा करून बुडाचे स्क्रू काढले. आतून निघाला वीज गेल्यावर लागणारा बॅटरीचा साधा बल्ब, इलेक्ट्रिकच्या दुकानात मिळतो तो.

"आबा, बुडाशी हे दोन पितळी ठिपके बघा," ती म्हणाली. "ओला हात त्यांना जोडतो. बल्बला वाटतं, वीज गेलीय पण बटण चालू आहे, आणि तो बॅटरीवर लागतो. कापूस वेचून कोरडा पडलेला, वर राख चोळलेला हात त्यांना जोडत नाही. त्याला पाप कळत नाही, फक्त ओल कळते. यांच्यावर संशय आहे हे बाबांना आधीच सांगितलं होतं ना, प्रेमराजभाऊ?"

प्रेमराजभाऊंनी मान खाली घातली. पोलीस पाटलांनी बाबांना बसवून ठेवलं आणि जादूटोणाविरोधी कायद्याखाली तक्रार द्यायला फोन लावला.

जरा वेळाने भाऊ पुढे आले. "यशोदाबाई, दिवा पेटला. माझा संशय फिटला."

मला वाटलं, मिटलं. यशोदाबाईंना तसं वाटलं नाही.

"दिवा पेटी गया म्हणीसन मी साव नही शे, भाऊ," त्या म्हणाल्या. "दिवा नही पेटता, तरी मी सावच शे. बठ्ठा गावना म्होरे तुमीन माले चोर करं. आते बठ्ठा गावना म्होरेच सांगा, पुरावा काय शे?"

सगळ्या गावासमोर प्रेमराजभाऊंनी डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली.

"काही नाही," ते म्हणाले. "पुरावा काहीच नव्हता. माझं चुकलं."

पोत कुणी नेली, ते मला ठाऊक नाही. पोलीस शोधतील. तुमच्या गावात असा कंदील आला, तर आधी तो उलटा करून बघा. आणि नाहीच बघता आला, तरी यशोदाबाईंनी विचारला तो प्रश्न विचारा. त्याला डिप्लोमा लागत नाही.