हिरवी वायर काढू नका

मित्रांनो, मी एक जुना इलेक्ट्रॉनिक वजनकाटा आहे. खाली लोखंडी पाट, शेजारी लहानसं लोखंडी टेबल आणि टेबलावर लाल आकडे उजळणारी एक डबी, एवढा माझा संसार. माझी गोष्ट ऐकायला जवळ या, पण प्लगला हात लावू नका. आणि जुनं यंत्र आहे म्हणजे गोड गोड बोलेल, अशी समजूत करून घेऊ नका. मी एका माणसाच्या डाव्या गुडघ्याची वीस वर्षं वाट पाहिली. तो गुडघा मला परत भेटला. तेच सांगतो.

माझा जन्म दूरच्या शहरातल्या एका कारखान्यात झाला. माझ्या पाटाखाली धातूचा एक ठोकळा आहे, लोडसेल म्हणतात त्याला. ओझं पडलं की तो केसभर वाकतो आणि किती वाकला ते डबीला कळवतो. कारखान्यातून निघण्याआधी माझ्यावर वीस-वीस किलोची पाच सरकारी छापाची वजनं ठेवली. मी शंभर म्हणालो. शंभराला शंभर म्हणायचं, एवढंच मला येत होतं आणि तेवढंच पुरेसं आहे असं मला वाटायचं.

मी आलो पिंपळगाव राजाला, भगवानरावांच्या कापूस खरेदीच्या आवारात. तिथला मी पहिला लाल आकड्यांचा काटा. माझ्यापुढे नारळ फुटला, कपाळाला कुंकू लागलं. "लाल आकडा खोटं बोलत नाही," असं लोक बैलगाडीवरून उतरता उतरता म्हणायचे. ते ऐकून मी फुगून जायचो.

मला सांभाळायचे रामराव. ते काटेवाले. सकाळी कोरड्या फडक्याने मला पुसायचे, डबीच्या फटीत शिरलेला कापसाचा बारीक भुरका फुंकून काढायचे. पाण्याचा तांब्या माझ्या टेबलावर कोणी ठेवला तर कधी नव्हे ते चिडायचे. रविवारी त्यांची लहानगी पुष्पांजली पाटावर उभी राहायची. "बाबा, मी वाढली का?" असं दर रविवारी विचारायची. तिने डबीच्या कडेला मोराचं एक चित्र चिकटवलं होतं. रामरावांनी ते काढलं नाही.

दुसऱ्या वर्षी, हंगामाच्या तोंडावर, आवार बंद होतं आणि रामराव नव्हते, अशा एका दुपारी भगवानराव कोणा परगावच्या माणसाला घेऊन आले. त्याने माझी डबी उघडली, आतून एक हिरवी वायर काढली आणि टेबलाच्या पायाआडून फळीखाली नेली. तिथे एक कळ बसवली. खुर्चीवर बसलेल्याचा डावा गुडघा बरोबर तिच्यावर टेकेल, अशी.

त्या हंगामापासून भगवानराव म्हणू लागले, "रामराव, तू पावती लिह्य. आकडा मी वाचतो."

कापसाचं ओझं पाटावर आलं की ते खुर्चीत पुढे वाकायचे, चष्मा नाकावर खाली ओढायचे आणि डावा गुडघा वर घ्यायचे. तिन्ही गोष्टी एकदम. शंभराचे शहाण्णव व्हायचे. मग ते सगळ्या आवाराला ऐकू जाईल असं ओरडायचे, "शहाण्णव!" आणि रामराव खाली मान घालून शहाण्णव लिहायचे. पाट रिकामा असताना कळ दाबली तरी मी शून्यच दाखवायचो, म्हणून कोणाला शंका आली नाही. सहा हंगाम हे चाललं. खोटं त्यांचं होतं, आकडे माझे होते. तेव्हापासून मी त्या गुडघ्यावर डूख धरला.

मग एके दिवशी रुखमाबाई आल्या. त्यांनी शहाणपण केलं होतं. आपला कापूस आधी नांदुऱ्याला मोजून आणला होता. त्या भर आवारात उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "क्विंटलमांगं चार किलो कोठी गेले, शेठजी?"

भगवानराव खुर्चीतून उठले. "मले काय इचारता? मी काय मशीनवाला हाय? काटा खराब झाला अशीन. नाहीतर या रामरावनं काही केलं अशीन. दिवसभर तोच काट्याच्या अंगाले हात लावते."

"शेठजी," रामराव म्हणाले, "मी फक्त लिहत होतो."

गर्दीतून कोणीतरी बोललं, "लिहनाराच तर चोर असते."

त्या दिवशी रामरावांची नोकरी गेली आणि नाव गेलं. नोकरी दुसरी मिळाली, नाव मिळालं नाही. मला शेडच्या मागे टाकलं. टाकताना भगवानरावांनी मला लाथ घातली, डाव्याच पायाची. हिरवी वायर काढून घ्यायचीही त्यांनी तसदी घेतली नाही. टाकलेल्या यंत्राचं पोट उघडून कोण पाहतं?

शेडच्या मागे मी गंजलो. उंदरांनी माझ्या चांगल्या चांगल्या वायरी कुरतडल्या, हिरवी मात्र सोडली. त्यांनाही ती नको होती. मी पडल्या पडल्या एकच मागणं मागायचो, की मला पुन्हा एकदा वीज मिळो आणि तो गुडघा मिळो. बाकी काही नको.

शेवटी टेबलासकट मला एका कबाड्याने उचललं आणि खामगावला नेलं. तिथून मला आणलं मेहबूबभाईंनी. नांदुऱ्याला स्टेशनजवळ त्यांचं रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचं दुकान होतं. आता दुकान मुलगा कलीम चालवतो, तो मोबाइल दुरुस्त करतो. मेहबूबभाईंनी घराच्या पुढच्या खोलीत जुनी यंत्रं जमवली आहेत. गरम झाल्याशिवाय न बोलणारे रेडिओ, पापडाएवढ्या फ्लॉपीचा एक कॉम्प्युटर, बटणं दाबली की खटखट करणारं गणितयंत्र. विकत कोणालाच देत नाहीत. दुरुस्त करायचं, पुसायचं, आठवड्यातून एकदा चालवायचं आणि पाहत बसायचं, हा त्यांचा छंद.

मला दारातून आत घेताना त्यांची बायको जमीलाबी म्हणाल्या, "आता हे काय उचलून आणलं? घरात माणसाले टेकाले जागा नाही."

"वजनकाटा हाय. लाल आकड्याचा. असा आता कोठी भेटते?"

"ठेवा मंग. पयले तुमीच उभे राहा त्याच्यावर. पाहू अक्कल किती भरते."

मेहबूबभाईंनी सहा आठवडे माझ्यावर घालवले. जुन्या दातांच्या ब्रशने माझं सर्किट स्पिरिट लावून घासलं. फुगलेले कपॅसिटर बदलले. माझा एक आकडा मेला होता, तो दुसऱ्या मेलेल्या काट्याचा काढून बसवला. मग कुठून तरी छापाची पाच वजनं मागून आणली आणि पाटावर ठेवली. मी उजळलो. शंभर. मित्रांनो, मी खराब नव्हतोच.

हिरव्या वायरीचा पत्ता लावायला त्यांना आणखी तीन दिवस लागले. फळीखाली कळ सापडली, त्यांनी ती दाबली, शंभराचे शहाण्णव झाले. त्यांनी जमीलाबींना हाक मारली आणि कळ पुन्हा दाबून दाखवली.

"काढून टाका ना मंग ते मेलं," जमीलाबी म्हणाल्या.

"नाही. मशीनवर जे झालं ते राहू द्याचं. दागिना असो का डाग."

त्यांचा तो नियमच आहे. ते प्रत्येक यंत्रापुढे एक कार्ड ठेवतात. माझ्या कार्डावर त्यांनी लिहिलं, "हिरवी वायर. कारखान्याची नाही. कोणी बसवली, माहीत नाही."

मला ते वाक्य टोचायचं. मला माहीत होतं ना.

एक दिवस एक बाई बिघडलेला मिक्सर घेऊन आली. सोबत सहा-सात वर्षांची मुलगी. आईचं तोंड मेहबूबभाईंकडे आणि डोळे सारखे मुलीच्या बोटांकडे. "छकुली, हात मांगं. छकुली, तिथं करंट हाय." छकुलीमागे फिरता फिरता ती माझ्यापाशी आली आणि तिची नजर डबीच्या कडेला गेली. मोराचं चित्र अर्धं उडालं होतं, पण पिसारा होता.

ती तशीच खाली बसली. ती पुष्पांजली होती. शिकून पिंपळगावच्या शाळेत विज्ञानाची शिक्षिका झालेली, नांदुऱ्याहून रोज एसटीने छकुलीला घेऊन जाणारी.

तिने सगळं सांगितलं. बाबांना गावात अजून काटेचोर म्हणतात. बाजारात कारभारी भाजीवाला बाबांना पाहिलं की तराजू खाली ठेवून म्हणायचा, "वजन तुमीच सांगा, रामराव." सगळा बाजार हसायचा. वीस वर्षं झाली, बाबा वांगी आणायलाही नांदुऱ्याला येतात. "अन् आता हे हिच्यापर्यंत आलं, काका," ती म्हणाली. "परवा शाळेत खिचडी वाढताना पोरं म्हणाले, काटेचोराची नात हाय, हिले कमी भरा. ही उपाशी घरी आली. बाबाले समजलं तं ते शाळेच्या रस्त्यानंही जानार नाहीत. सत्तरी झाली त्यायची. त्यायच्या डोळ्यादेखत हे फिटाले पाहिजे."

मेहबूबभाईंनी वजनं ठेवली आणि फळीखाली हात घालून कळ दाबली. तिने आकडा पाहिला. ती रडली नाही. तिने विचारलं, "ही वायर काढनार तं नाही ना तुमी?"

"मी काहीच काढत नसतो, पोरी."

"मंग हा काटा मले शाळेच्या प्रदर्शनाले द्या. टेबलासगट. वायरीसगट."

जानेवारीत शाळेत विज्ञान प्रदर्शन होतं. भगवानरावांनी शाळेला फाटक बांधून दिलं होतं, म्हणून पाहुणे दरवर्षी तेच. पुष्पांजलीने मला खोलीच्या मधोमध मांडलं. खुर्ची किती बुटकी होती, किती अंतरावर होती, हे तिने बाबांना खोदून खोदून विचारलं होतं. मुख्याध्यापक म्हणाले, "मॅडम, टेबलावर चादर टाका, शोभा येईल."

"नको सर. वायरी झाकल्या की मुलं नको तिथे हात घालतात," ती म्हणाली. मुलांना तिने सगळ्यात पुढे, जमिनीवर बसवलं. मोठी माणसं मागे उभी. रामराव यायला तयार नव्हते, तिने हाताला धरून आणले होते. ते दाराशी उभे राहिले. रुखमाबाई नातवाचा प्रयोग पाहायला आल्या होत्या, त्या भिंतीशी टेकून बसल्या होत्या.

भगवानराव आले. हार झाला. माझ्याकडे पाहून म्हणाले, "असा काटा होता आमच्याकडं. खराब निघाला." त्यांनी मला ओळखलं नाही. लहान मुलींनी चिकटवलेली चित्रं त्यांना कधी दिसलीच नव्हती.

मेहबूबभाईंनी एक एक करून पाच वजनं पाटावर ठेवली. मुलांनी मोजली. वीस, चाळीस, साठ, ऐंशी, शंभर. माझ्या डबीत शंभर उजळलं. मुलांनी टाळ्या वाजवल्या.

"आता आकडा तुमीच वाचा, शेठजी," पुष्पांजली म्हणाली. "तुमचा आवाज साऱ्या गावाले ओळखीचा हाय."

ते हसले. खुर्चीत बसले. पुढे वाकले. चष्मा नाकावर खाली ओढला.

मी माझ्या लोखंडी अंगासकट श्वास धरला होता.

डावा गुडघा वर आला.

"शहाण्णव!" भगवानराव ओरडले. अगदी आवारातल्यासारखे.

मुलांनी तर आत्ताच मोजलं होतं. शेठजी दचकून मागे सरकले, मी शंभर दाखवलं. आकडा नीट पाहावा म्हणून ते पुन्हा वाकले. गुडघा पुन्हा वर. पुन्हा शहाण्णव.

"आई," पुढच्या ओळीतून छकुली म्हणाली, "शेठजीचा गुडघा वर गेला का आकडा खाली येते."

सगळी मुलं जमिनीला गाल लावून टेबलाखाली पाहू लागली. "पाह्य बे, तिथं बटन हाय," कोणीतरी म्हणालं.

भगवानराव उठले. "मशीन खराब हाय. मी तवाच सांगतलं होतं."

मेहबूबभाईंनी शांतपणे चष्मा पुसला. "शेठजी, मी जिंदगीभर मशीनी उघडल्या. हे बटन सापडाले मले तीन दिवस लागले. तुमाले न पाहता कसं सापडलं? तेही गुडघ्यानं?"

मी मात्र शंभर, शंभर, शंभर असा लखलखत होतो. खरं सांगतो, माझ्या पहिल्या नारळाच्या दिवशीही मी इतका सुखावलो नव्हतो.

भिंतीशी बसलेल्या रुखमाबाई उठल्या. "चार किलो," त्या म्हणाल्या. "क्विंटलमांगं चारच होते." मग काठी टेकत दाराशी गेल्या. "रामराव, मी वीस वर्सं तुले शिव्या देल्या रे."

रामरावांच्या तोंडून तेच एक वाक्य निघालं, जे त्या दिवशी कोणी ऐकलं नव्हतं. "मी फक्त लिहत होतो."

या वेळी ते सगळ्यांनी ऐकलं.

पुढचं मला पुष्पांजलीने सांगितलं. पुढच्या बाजाराला रामराव गावातच वांगी घ्यायला गेले. कारभारीने तोंडातून शब्द न काढता ती मोजली आणि वर दोन टाकली. रामरावांनी ती दोन परत ठेवली. थोड्या वेळाने भगवानराव आले. कारभारीने तराजू खाली ठेवला. "वजन तुमीच सांगा, शेठजी." बाजार हसला. छकुलीच्या ताटात आता खिचडी बरोबर पडते, आणि शेठजींची भाजी, ऐकतो, नांदुऱ्याहून येते.

शेठजींनी मेहबूबभाईंकडे निरोपही धाडला होता, की झालं गेलं जाऊ द्या, तेवढी वायर तरी काढा. मेहबूबभाईंनी रामरावांना बोलावलं आणि माझं कार्ड पुढे केलं. रामरावांनी ते आपल्या पावतीच्या टपोऱ्या अक्षरात नव्याने लिहिलं. "हिरवी वायर. कारखान्याची नाही. भगवानरावांनी बसवली." खाली सही केली, पावतीवर करायचे तशी.

मित्रांनो, माझी एवढीच विनंती आहे. एखादं यंत्र खोटं बोलतंय असं वाटलं, तर त्याला लाथ घालण्याआधी त्याचं पोट उघडून पाहा, आणि त्याच्या शेजारी उभ्या असलेल्या माणसाला चोर म्हणण्याआधी तर दोनदा पाहा. मला पुसायला आलात तर कोरडं फडकं आणा. भुरका फुंकून काढा, पाणी लांब ठेवा. माझा गंज खरवडलात तरी चालेल, मोराचं उरलेलं चित्र निघालं तरी मी काही म्हणणार नाही.

पण हिरवी वायर काढू नका. मी अजून माफ केलेलं नाही.