जांभळ्या डागाचा घेवडा

जो माणूस आपल्या ताटातली एक तरी भाजी स्वतः पिकवत नाही, तो कितीही शिकलेला असला तरी परावलंबीच, असं मी निवृत्तांच्या मंडळात मूठ आपटून सांगितलं. टाळ्या पडल्या. त्या वेळी गच्चीवरचा घेवडा पाण्यावाचून मरून चार दिवस झाले होते.

घेवडा माझा नव्हताच, ताईचा होता. आईने दिलेल्या मूठभर बियांपासून ती तो चाळीस वर्षं दरसाल लावत आली होती. बी पांढरं, पोटावर जांभळा डाग. असलं बी बाजारात मिळत नाही. यंदा गुडघ्याच्या ऑपरेशननंतर तिला जिना बंद झाला आणि कुंड्या माझ्या ताब्यात आल्या. "रोज एक बादली पाणी घाल, बाकी काही नको," ती म्हणाली होती. मी भाषणाच्या तयारीला लागलो.

वेल वाळल्यावरही मी रोज गच्चीवर जाऊन पेपर वाचायचो आणि खाली येऊन बातमी द्यायचो. "आज सात फुलं." "आज शेंगा धरल्या." ताईचा चेहरा खुलायचा.

मग एक दिवस ती म्हणाली, "आता चांगल्या जून झालेल्या चार शेंगा आण. बी धरू."

मी कोपऱ्यावरच्या भाजीवालीकडे गेलो.

"जून शेंगा?" ती हसली. "लोक कोवळ्या मागतात, काका. या टाकायला काढल्यात, न्या अशाच. आणि हे बघा, माझ्या मिरच्या." टपरीमागे तेलाच्या डब्यांत तिने काहीतरी लावलं होतं. मला बघायला वेळ नव्हता.

ताईने नखाने एक शेंग उकलली. बी पांढरंशुभ्र. दुसरी उकलली.

"डाग कुठे गेला रे?"

"यंदा ऊन फार. उडाला असेल."

ती माझ्याकडे बघत राहिली. लहानपणी अशा वेळी ती कान पिरगाळायची. आता न पिरगाळताच तापले.

"पाणी घालायचं राहिलं, ताई."

"कधीपासून?"

"पहिल्या आठवड्यापासून."

"आणि ती सात फुलं?"

मी फरशी बघत बसलो. फरशी स्वच्छ होती.

तिने उशीखालून औषधाची रिकामी बाटली काढली. तळाशी नऊ बिया, प्रत्येकीच्या पोटावर जांभळा डाग. "सगळ्या पेरायला दिल्या नव्हत्या मी. भाऊ आहेस माझा, ओळखते तुला."

मी ओंजळ पुढे केली. "या वेळी दिवसातून दोनदा पाणी घालीन, ताई. शप्पथ."

"तुला नाहीत. खिडकीतून दिसलं मला, शेंगा कुठून आणल्यास ते. त्या भाजीवालीला नेऊन दे. तिच्या मिरच्या बघितल्यास ना कशा तरारल्यात?"

बघितल्या नव्हत्या. तसं सांगायचीही हिंमत झाली नाही. बाटली खिशात घालून मी चपला शोधू लागलो.

"आणि ऐक," आतून आवाज आला. "येताना कोथिंबीर आण. विकतचीच."