जपलेला लिफाफा

मी एक जुना लिफाफा आहे. मित्रांनो, दुसरे महायुद्ध मी प्रत्यक्ष पाहिले आहे. म्हणजे टपालाच्या पोत्यातून. पोत्यातून फारसे दिसत नाही.

माझ्यावरचे तिकीट नाशिकलाच छापलेले. ते फौजेबरोबर मिसरला, म्हणजे इजिप्तला, गेले आणि तिथे नामपूरच्या सावळीराम नावाच्या शिपायाने ते मला चिकटवले. आतल्या पत्रात त्याने घरी एवढेच विचारले होते, की कांदा निघाला का. सेन्सॉरच्या साहेबाने मला एका बाजूने कापले, कांद्यात शत्रूच्या उपयोगाचे काही नाही याची खात्री केली आणि कागदी पट्टी चिकटवून पुढे ढकलले. त्या पट्टीमुळे मी दुर्मिळ झालो. माझे स्वतःचे कर्तृत्व काही नाही.

नंतर सगळे आयुष्य सावळीरामच्या ट्रंकेत, शालूखाली पडून गेले.

मग नाशिकचे वाल्मीक सर नामपूरला आले. निवृत्त शिक्षक. युद्धकाळातली पाकिटे जमवतात आणि दर प्रदर्शनात मांडतात. पदक एकदाही नाही. आता गुडघे ऐकत नाहीत, म्हणून यंदाचे प्रदर्शन शेवटचे, असे त्यांनी ठरवले होते. त्यांनी मला दोन्ही हातांनी उचलून घेतले. सावळीरामच्या मुलीने, पुतळाबाईंनी, एकच अट घातली. "लई जाय भाऊ, पन जपीसन ठेवजो."

जपून ठेवायची ती अट सरांनी घरी पत्नीला, चंद्रभागाबाईंना, उठताबसता ऐकवली. तिथेच चुकले. प्रदर्शनाच्या सकाळी सर अंघोळीला गेले आणि बाई मला घेऊन कोपऱ्यावरच्या झेरॉक्सच्या दुकानात. मी दोन तापलेल्या रुळांमधून गेलो. युद्धातसुद्धा मला इतके कुणी भाजले नव्हते.

"अहो, हे बघा! माझ्या आधार कार्डाबरोबर यालाही लॅमिनेशन करून आणलं. आता शंभर वर्षं काही होत नाही."

सरांनी ओल्या अंगाने, एका हाताने टॉवेल सावरत, मला उजेडाकडे धरून पाहिले.

"छान केलंस," ते म्हणाले.

प्रदर्शनात परीक्षकबाईंनी मला उलटसुलट करून पाहिले. "सर, शिक्का खरा, पट्टी खरी. पण हे आता टपाल नाही राहिलं हो. ओळखपत्र झालं."

"बायकोने जपलंय," सर म्हणाले. "असू द्या कोपऱ्यात कुठेतरी."

मित्रांनो, जुन्या वस्तू जरूर जपा. फक्त जपण्याआधी कुणाला तरी विचारा.

पदक पिंपळगावच्या एका गृहस्थांना मिळाले. मी सरांच्या टेबलावर असतो, कपाखाली. चहा सांडतो. फडक्याने पुसला की निघतो.