मागून हाक मारायची नाही

बेंगळूरला जयनगरमधल्या आमच्या इमारतीच्या असोसिएशनने नियम केला : बोलावल्यावर जो प्राणी येत नाही, त्याला आवारात राहता येणार नाही. हा नियम प्लंबरला लागू आहे का, असं मी सभेत विचारलं. सेक्रेटरी महांतेशने माझा प्रश्न ऐकू आला नसल्याचं दाखवलं.

नियम एकट्या हुरळीसाठी होता, हे सगळ्यांना माहीत होतं. हुरळी म्हणजे कानडीत आपला कुळीथ. त्याच रंगाचं हे कुत्र्याचं पिल्लू गटाराच्या फरशीखाली रडत होतं, तेव्हा माझ्या थोरल्या बहिणीने, ठकुअक्काने, ते पदरात घालून वर आणलं. भावजी गेल्यापासून अक्काची झोप उडाली होती. हुरळी तिच्या पावलांवर झोपायला लागली आणि अक्का घोरायला लागली. आता घरात झोप येत नाही ती फक्त मला.

एवढे गुण असून हुरळीला एक खोड होती. हाक मारली की ती लक्षपूर्वक ऐकायची आणि जात होती तिकडेच जायची. अशीच एकदा ती महांतेशच्या दारातला नवा बूट घेऊन पार्किंगमध्ये उतरली. महांतेश निपाणीकडचा, इलेक्ट्रॉनिक सिटीत मोठ्या हुद्द्यावर. हाताखाली ही एवढी माणसं, पण त्यांतल्या कुणी त्याचा बूट पळवला नव्हता.

"रविवारी सगळ्यांसमोर परीक्षा घेऊया," तो आमच्या दारात येऊन म्हणाला. "अक्का, तुम्ही बोलवायचं. आली तर राहू दे. नाही आली तर के. आर. पुरमच्या पलीकडं माझ्या दोस्ताचं शेत हाय. तिथं सुखानं राहील की."

"तू जाऊन राहा सुखानं," अक्का म्हणाली आणि दार लावलं. त्या रात्री ती घोरली नाही.

शिकवायला वरच्या मजल्यावरचा प्रणीत आला. मूळचा पुण्याचा. घरूनच काम करतो, त्यामुळे दिवसा मोकळा असतो.

"आजी, एकदम सिंपल आहे. तिला पुढे जाऊ द्यायचं आणि ती जात असताना मागून कॉल करायचा. वळली की ट्रीट."

"मागून?"

"हो, मागूनच."

"निघालेल्याला मागून हाक?" अक्काने कानांवर हात ठेवले. "आमच्याकडे नाही मारत रे बाळा. जाणाऱ्याचं काम बिघडतं."

"आजी, ती झाडाखाली सू करायला चाललीय."

"मग? ते काम नव्हे?"

प्रणीत निघून गेला. मागून त्याला कुणी हाक मारली नाही. आमच्याकडे ही शिस्त फार जुनी आहे. पूर्वज शहाजीराजांच्या लोकांबरोबर बेंगळूरला आले ते परत गेलेच नाहीत. त्यांनाही मागून कुणी हाक मारली नसणार.

तेव्हा उरलं समोरून बोलावणं. हुरळी चालायला लागली की अक्का पदर खोचून तिला मागे टाकायची, समोर उभी राहायची आणि म्हणायची, "हुरळी, ये." हुरळी तत्परतेने पाठ फिरवायची. अक्का पुन्हा वळसा घालून समोर. हुरळीची पुन्हा पाठ. हा पाठ दाखवायचा खेळ आहे, अशी हुरळीची समजूत झाली आणि त्यात ती तरबेज होत गेली. दोघींनाही सडकून भूक लागायला लागली. शिक्षण मात्र जागच्या जागी.

"अक्का, एकदा मार मागून हाक," मी म्हणालो. "कुत्र्याला शकुन-अपशकुन कळत नाही."

"तुला तरी कुठं कळतो? म्हणून तुझं वाईट चिंतते का मी?"

रविवारी पार्किंगमध्ये खुर्च्या मांडल्या गेल्या. वार्षिक सभेला न येणारे लोकही नाश्ता उरकून हजर होते. महांतेशने हुरळीला मधोमध सोडलं. ती सरळ गेटकडे निघाली.

"बोलवा, अक्का."

अक्का वळसा घालून समोर गेली. "हुरळी, ये ग." हुरळीने पाठ केली. खुर्च्यांत हशा. अक्का फिरून समोर. हुरळीने पाठ केली, आणि शेपटीही हलवली. पहिल्या मजल्यावरच्या श्यामलाबाईंनी टाळ्या वाजवल्या. कुणासाठी, ते कळलं नाही.

महांतेश माणूस वाईट नव्हे. त्याने आवाज खाली आणला. "अक्का, तिथनंच मागनं एक हाक मारा की वो. नुसता कान हलला तरी मी पास करतो."

मी लांबूनच अक्काला हात जोडले.

अक्काला धाप लागली होती. तिने आधी दम घेतला, मग खोचलेला पदर आणखी घट्ट खोचला. "हिला घराबाहेर काढायला निघालात तुम्ही. आणि जाणाऱ्या पोरीला मागून हाक मारून तिचं आणखी वाटोळं मी करू? तुमची परीक्षा तुमच्यापाशी ठेवा. ही जाईल तिथं मी जाते. सरी? कळलं?"

आणि ती हुरळीला मागे टाकून गेटबाहेर पडली. या खेपेला ती थांबली नाही, वळली नाही, बोललीही नाही.

हुरळीने सवयीप्रमाणे पाठ फिरवली, तर समोर आम्ही. असोसिएशनकडे पाहावं तसं तिने आमच्याकडे पाहिलं. मग मान वळवून बघते तो अक्का कोपऱ्यापाशी पोचलेली. खेळात असं कधी झालं नव्हतं. हुरळी सुसाट सुटली.

"अक्का! ओ अक्का!" महांतेश ओरडला. मग सगळेच ओरडले. आमची माणसं एका सुरात ओरडतात ती फक्त पाण्याचा टँकर आला नाही की. दोघींपैकी एकीचाही कान हलला नाही.

"महांतेश, त्या शेतावर किती जणांची सोय आहे रे?" मी विचारलं.

तो गेटकडे पळाला. मीही निघालो, माझ्या वेगाने. फुलवालीच्या टोपल्यांपाशी त्याने दोघींना जवळजवळ गाठलं, हाक मारायला तोंड उघडलं आणि मिटलं. निपाणीला त्याचीही आई आहे, हीच शिस्त लावणारी. फुटपाथ सोडून तो रस्त्यावर उतरला, दोन रिक्षांच्या मधून पळत पुढे गेला आणि समोर जाऊन दोन्ही हात पसरून उभा राहिला.

"अक्का, घरी चला. हुरळे, तू बी ये बाई."

अक्काने एक पाऊल पुढे टाकलं. तेवढ्यात हुरळी तिच्या पुढे जाऊन महांतेशच्या गुडघ्याला नाक लावून मोकळी झाली.

"आली," मी धापा टाकत म्हणालो. "सेक्रेटरींनी बोलावलं आणि आली. बघणारे साक्षीदार आहेत."

"अण्णा, तुम्ही स्वल्प गप बसा वो." त्याने बाहीने घाम पुसला. "राहू दे तिला. पास."

"पास कुणाला करतोस?" अक्का म्हणाली. "आम्ही परीक्षाच दिली नाही. ही राहते ती माझ्या घरात राहते." समोरच्या हॉटेलातून वाफाळत्या इडल्यांचा वास येत होता. ती तिकडे वळली. "मी कॉफी पिऊन येते. हिला एक इडली. तू हो पुढं."

"थांबतो की, अक्का."

"थांब. पण बोलवायचं नाही."

महांतेश फुटपाथच्या कडेला उभा राहिला. अक्काने कॉफी फार गरम आहे म्हणून निवत ठेवली.