प्लग माझ्या खिशात

ऑर्बी दाढी करत होता तेवढ्यात मी शेडमध्ये गेले, टिलरचा, म्हणजे माती उकरायच्या यंत्राचा, स्पार्क प्लग काढला आणि एप्रनच्या खिशात टाकला. पन्नास वर्षं त्या माणसाशी संसार केलाय. प्लग कुठे असतो आणि कुठल्या पान्यानं निघतो, एवढं तर बायकोला कळतंच.

दुसऱ्या दिवशी गुड फ्रायडे होता. केंटकीच्या आमच्या डोंगरात गुड फ्रायडेला बटाटे मातीत गेले नाहीत, तर घरात कुणी आजारी आहे असं लोक धरून चालतात. त्यासाठी आदल्या दिवशी परसात टिलर फिरवून माती भुसभुशीत करून ठेवायची. ऑर्बीनं आमच्याच नव्हे, खोऱ्यातल्या सगळ्या विधवांच्या परसात टिलर फिरवलाय. पण हिवाळ्यात त्याला झटका आला, डावा हात लुळा पडला आणि यंत्राला हात लावायचा नाही, असं डॉक्टरनं बजावलं. ऐकतो कोण!

मला काय हवं होतं ते सांगूनच टाकते. मला इथून जायचं होतं. आमचा मुलगा केंडल ओहायोत असतो. त्यानं खालची खोली आमच्यासाठी रिकामी करून ठेवली होती, ईस्टरला येताना ट्रक घेऊनच येतो म्हणत होता. ऑर्बी हो म्हणेना की नाही म्हणेना. नुसतं "बघू." आणि मला ठाऊक होतं, एकदा बटाटे लावले की ते निघेपर्यंत हा इथून हलायचा नाही. मग घेवडा, मग टोमॅटो, मग ऐन ऑगस्टात शेगडीपुढे उभं राहून भाज्या टिकवायला बरण्या भरून उकळायच्या. मी थकले होते. झोपून उठलं तरी जात नाही, असला थकवा.

स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघत राहिले. त्यानं एका हातानं टिलर ओढत परसात आणला. मूठभर माती उचलून दाबली, बोटांतून सोडली. ती सुटी होऊन पडली. वाफसा आला होता, म्हणजे माती उकरायला अगदी तयार, माझं नशीब! मग त्यानं दोरी ओढली. पुन्हा ओढली. पुन्हा. टिलर ढिम्म. शेवटी पालथ्या बादलीवर बसला, तेव्हा त्याची छाती भात्यासारखी हलत होती आणि माझ्या खिशातला प्लग मला दगडाएवढा जड वाटत होता.

मग तो वाकला, इंजिन चाचपलं आणि थेट खिडकीकडे बघितलं. ओरडला नाही. नुसता तळहात पुढे केला.

मी बाहेर गेले.

"आण इकडे."

"नाही देणार. पडून मेलास तर मी एकटी कशी उचलू तुला?"

"उचलतेस कशाला? तिथंच पूर. माती उकरलेलीच असेल."

"ऑर्बी, थट्टा पुरे."

"बरं, मग तू धर. मी बाजूनं चालतो."

त्याला यंत्रापासून लांब ठेवण्याचा दुसरा उपाय नव्हता. प्लग बसवला, दोरी मी ओढली, आणि मेलं ते यंत्र पहिल्याच झटक्यात सुरू झालं. दांडे हातात धरले तर मलाच फरफटत घेऊन निघालं. पाती दगडावर आपटली की दाताच्या कवळीपर्यंत हादरा बसायचा.

"दाबू नकोस गं! ते आपलं आपण जातं. तू फक्त वळव."

"नवऱ्यासारखंच आहे म्हणायचं!"

"नवरा वळतो तरी कुठे!" तो ओरडला आणि स्वतःच हसला.

अर्धी जागा झाली आणि टिलर अडकला. गेल्या वर्षीच्या घेवड्याच्या वेलांना बांधलेली सुतळी पात्यांना गुंडाळली होती. इंजिन बंद करून मी मातीत गुडघे टेकले आणि सुरीनं एकेक दोर कापायला लागले. कंबर भरून आली होती. बोटं सुन्न झाली होती. मान वर न करताच मी बोलून टाकलं.

"ऑर्बी, मला केंडलकडे जायचंय. मला आता एकही बरणी भरायची नाहीये."

"ठाऊक आहे," तो म्हणाला. "ट्रक घेऊन ये, असं मंगळवारीच सांगितलं त्याला."

सुरी माझ्या हातातच राहिली.

"मग हे कशाला? कुणासाठी कंबर मोडून घेतेय मी?"

"ओपलसाठी."

ओपल म्हणजे ओढ्यापलीकडची आमची शेजारीण. फेब्रुवारीत ओढा चढला आणि तिच्या परसात हातभर वाळू साचली.

"आपली जागा मी तिला दिलीये," ऑर्बी म्हणाला. "टिलरही. उद्या ती बटाटे लावायला येईल. न नांगरलेली जमीन कुणाच्या हाती द्यायची नसते, व्हर्नेल. आपल्याला नको झाली म्हणून दिली, असं वाटतं."

"आणि मला सांगायचं नाही?"

"सांगितलं असतं तर तू रडली असतीस."

"मी कशाला रडू? जायचं तर मलाच होतं!" असं म्हणाले आणि हमसून रडायला लागले. हवं ते मिळालं होतं, आणि त्याचाच राग येत होता.

तो पुढे आला. बादली जवळ ओढून माझ्याशेजारी बसला आणि मला कापायला सोपं जावं म्हणून सुतळीची टोकं उजव्या हातानं ताणून धरली.

उरलेली जागा आम्ही संपवली. म्हणजे मी संपवली. तो शेजारून चालत, लुळा हात दांड्यावर ठेवून. तो हात कशाच्याच कामाचा नव्हता, पण मी काढ म्हटलं नाही. टिलर बंद केला तेव्हा सगळं परस काळंभोर, मऊ दिसत होतं. आम्ही दोघं शेडच्या पायरीवर बसलो. उठून घरात जायचंही त्राण नव्हतं.

"केंडलच्या घरामागं काय आहे?" त्यानं विचारलं.

"गवत. दर शनिवारी कापतो."

"लावत काही नाही?"

"नाही."

बराच वेळ तो मातीकडेच बघत होता.

"मग मी दिवसभर बघत काय बसू?"

"मला बघ. पन्नास वर्षांत धड बघितलं नाहीस."

त्यानं मान वळवली आणि खरंच बघितलं, अगदी सावकाश, उगवण बघायला वाफ्यापाशी थांबायचा तसं.

"नाकाला माती लागलीय तुझ्या," तो म्हणाला.

राहू दे म्हटलं. पुसायला हात उचलत नव्हता.