डॉल्फिनच्या पोटातून यवतच्या दवाखान्यात

मी एक जुनी दुर्बीण आहे, मित्रांनो. पण आकाश बघणारी नव्हे, पोटात उतरणारी. काळी, लवचिक नळी, टोकाला उजेड आणि बारीक चिमटा.

माझे तरुणपण परदेशात डॉल्फिनांच्या तलावाकाठी गेले. खूण केली की डॉल्फिन काठाशी येऊन जबडा उघडत. माणसे तो ओल्या टॉवेलने धरून ठेवत आणि मी अलगद जठराच्या पहिल्या कप्प्यात उतरे. त्यांचा श्वास डोक्यावरच्या भोकातून चाले, म्हणून गुदमरण्याची भीती नसे. आतल्या जखमा दाखवायच्या, गिळलेले मोजे बाहेर काढायचे, हे माझे काम. कौतुकही भरपूर झाले. पुढे नवी यंत्रे आली आणि मी पेटीत पडले. तिथे शिकायला आलेल्या डॉक्टर सारिकाताईंनी मला मागून घेतले आणि दोन हजार सालानंतर यवतच्या आपल्या जनावरांच्या दवाखान्यात आणले. इथे तलाव नाही, मासळीचा वास नाही, बाहेर नुसते ट्रक. मी पार गोंधळून गेले.

दिवाळीत खुटबावच्या इमामबी शेळी घेऊन आल्या. मागोमाग शेजारीण वच्छलाबाई, रडून डोळे सुजलेले. त्यांची स्वतःची गाय मागेच मेली होती. वसुबारस चुकू नये म्हणून त्यांनी इमामबींच्या शेळीचीच करडासकट पूजा केली आणि तिच्या गळ्यात शेवंतीचा हार घातला. शेळीने तो नायलॉनच्या दोऱ्यासकट खाल्ला. आता ती चारा घेईना, दूध आटले. इमामबींच्या तान्ह्या नातीला तर दुसरे दूध पचतच नव्हते.

मला आत सोडले. इथेही जठराला कप्पे! वाटले, आलेच की घरी. पण सगळीकडे गवत. तेवढ्यात दोऱ्याचा गुंता दिसला. ताईंनी तो चिमट्यात धरला आणि बघायला वच्छलाबाई पुढे वाकल्या. शेळीचे तोंड उघडे राहावे म्हणून त्यांनी तिच्या दाढांत धरलेला लाकडी तुकडा निसटला, ती मला कचकन चावली. डॉल्फिन घास चावत नाहीत, नुसते गिळतात. हे काय झाले ते मला कळेचना. माझ्यातले चित्र दाखवणारे काचेचे तंतू तुटले. तरी चिमटा सुटला नाही. गुंता बाहेर आला.

वच्छलाबाई म्हणाल्या, "माझ्याच पुजेनं तिचा जीव जात व्हता गं."

इमामबी शेळीची लाळ पुसत होत्या. "पुढल्या वसुबारशीला बी तूच ये. फकस्त फुलं मोकळी आण."

संध्याकाळी शेळीने पाला तोंडात धरला. मी मात्र पुन्हा पेटीत गेले. मित्रांनो, मुक्या जीवाचे लाड जरूर करा, पण त्याच्या तोंडात काय जाते तेही बघा. तुम्हाला दिसते आहे. मला आता सगळीकडे काळे ठिपकेच दिसतात.