टाकीतली खुरपणी

गॅलरीत काचेच्या दोन टाक्या होत्या. एकीत एकाच जातीचं समुद्रगवत, प्रार्थनेला उभ्या मुलांसारखं शिस्तीत. दुसरीत चार जातींची दाटी: रुंद पात्यांचं गवत, दोऱ्यासारखं बारीक, गोल पानांचं आणि जन्मात न विंचरलेलं लाल शेवाळ. पाणी दोन्हीत खाडीचंच, आत सोडलेले बारीक जीवही मोजून सारखे. महिन्याने कुठल्या टाकीत किती टिकले, हे ठकीच्या आईला मोजायचं होतं. ठकी सारखी आजारी, म्हणून प्रयोगशाळेच्या मॅडमनी हे काम घरी करू दिलं होतं, पण बजावून: "मोजणीत गडबड झाली तर टाक्या परत इकडे. आणि त्यांच्यामागून तूही."

त्या दिवशी मॅडम टाक्या बघायला अकराला यायच्या होत्या. दहाला ठकीची आई औषध घेऊन आली, आधी ठकीचं कपाळ चाचपलं, मग गॅलरीत डोकावली. दोन्ही टाक्या सारख्याच शिस्तीत उभ्या!

"तुझी बाई यायची आणि टाकीत हे रान माजलेलं," आठ दिवसांसाठी आलेल्या सासूबाई हात पुसत म्हणाल्या. "चांगलं गवत तेवढं ठेवलं."

"आई, ते रानच तर हवं होतं!"

"अगं बाई! मग पाटी लावायची ना."

"उपटलेलं कुठंय?"

"बादलीत, टाकीतलंच पाणी घालून. कुंड्यांना खत होईल."

बादलीशेजारी ठकी पहाऱ्याला बसली होती. "मी हात नाही लावला," तिने विचारण्याआधीच सांगून टाकलं.

बादली नुसती वळवळत होती. नखाएवढ्या कोळंब्या, तिळाएवढ्या गोगलगायी, आणि लाल शेवाळाच्या जटांत ऐटीत बसलेलं खेकड्याचं पिल्लू. टाकीत मात्र शुकशुकाट. चार गोगलगायी उरल्या होत्या, त्याही रुसल्यासारख्या काचेला चिकटून.

"परत खोचून टाकू," सासूबाई कुजबुजल्या. "कोण बघतंय!"

दोघींचे हात कोपरापर्यंत पाण्यात, आणि बेल वाजली. दार ठकीने उघडलं.

"आजीनं सगळं उपटलं!"

मॅडम टाकीशी वाकल्या. बादलीतली एक काडी उचलून मुळं न्याहाळली. "एकही मूळ तुटलं नाही. शेजारचं पातंही हललेलं नाही. कसं जमलं?"

"चाळीस वर्षं वाफे खुरपतेय मी," सासूबाई ताठ झाल्या. "शेजाऱ्याला कळता कामा नये."

"खाडीत आखलेल्या तीस चौकटींतून गवताची एकेक जात अशीच काढायचीय, कुठली गेली की कुठला जीव घर सोडतो ते बघायला. आमची मंडळी निम्मी खाडीच उपटून आणतात. याल?"

"आणि माझी मोजणी?" ठकीच्या आईने पाण्यातून हात काढत विचारलं.

"बादलीत कोण कुणाला धरून बसलंय, ते आधी लिहून काढ. टाक्या राहू देत इथेच. नव्याने लाव."

तिचा जीव भांड्यात पडला. तो तिथे धड टेकतोय तोच सासूबाई म्हणाल्या, "तीस चौकटी म्हणजे महिना तर लागेलच. बरं झालं, तुझं घरही जरा नीट बघून होईल."

दुपारी तिने दोन्ही टाक्यांवर ठळक अक्षरांत पाटी लावली: खुरपू नये. मग जरा विचार करून तिसरी लिहिली, आणि ती आपल्या कपाटावर चिकटवली.